नलूताई, तुमचं एक एकर

तमाम रहिवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिल्लीच्या द्वारकेतील आपल्या सोसायटीच्या ए विंगच्या जिन्याखाली, निळ्या पिंपात वास्तव्यास असलेल्या समस्त गांडुळांचे पालकत्व आजपासून खाली सही करणाऱ्याकडे आले आहे. खाली सही करणारा या पदास सर्वथा अपात्र आहे. तरी पिंपात कोणीही लिंबाची साले, कालची कढी अथवा वाढदिवसाची थर्माकोलची ताटे टाकू नयेत. हुकुमावरून.

नलूताई, तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, हिंदीत. उत्तरादाखल एकजात सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. कुणी वाचलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आणखी एक शोकसंदेश. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात आणि लगेच म्हणाला असतात, "सूत्रसंचालक, विनोद पुरे. आधी झाकण काढून बघ, ओल किती आहे."

मी बघितलं नाही. मे महिना म्हणून पाणी ओतत राहिलो. निम्म्याहून जास्त गांडुळं बुडून मेली, ताई. मला जे सांगायचंय त्याच्यापुढे ही बातमी किरकोळ आहे, पण एकदम मोठ्या बातमीला हात घालायची माझी छाती नाही. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. आधी दोन किस्से सांगायचे, टाळ्या घ्यायच्या आणि मुद्द्याची वेळ आली की चहाची घोषणा करायची. या वेळी चहा नाही.

तुमच्या पर्समध्ये विणायची एक सुई असायची. जाड, स्टीलची, वीतभरापेक्षा लांब. स्वेटर तुम्ही जन्मात विणला नाहीत. मातीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई तुम्ही, सुई होती ती जमिनीत खुपसायला. सोसायटीची बाग असो, रस्त्याचा दुभाजक असो, कुणाच्या लग्नाचं लॉन असो, तुम्ही वाकून सुई दाबायचात आणि ती कुठवर गेली ते बोटाने धरून बघायचात. मेट्रोच्या तपासणीत एकदा ती सापडली.

"ये क्या है, आंटी?"

"सुई है. मिट्टी में डालने की."

"मेट्रो में मिट्टी कहाँ है?"

"वही तो पूछ रही हूँ, बेटा. पूरी दिल्ली में कहाँ है?"

तपासणीवरच्या मुलीने हसून जाऊ दिलं. मागे उभा राहून मला घाम फुटला होता. पुढे आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पांढरा टोप घालून मी हा प्रवेश करून दाखवला, हॉल दणाणून गेला. पहिल्या रांगेतून तुम्ही एकच दुरुस्ती केलीत, "सुई उलटी धरली होतीस." तुमची नक्कल करणं हा माझा हक्काचा कार्यक्रम झाला. तुमच्या नावाने बोलायची मला सवय लागली, ताई. ही सवय लक्षात ठेवा.

नऊ वर्षांपूर्वी जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली होती. दरवर्षीप्रमाणे स्मारकापाशी माना खाली, डोळे पाणावलेले, आणि मग प्रत्येकाने चिमूटभर माती कपाळाला लावली. काहींनी घरून डब्या आणल्या होत्या, त्यात भरून घेतली. तुम्ही मात्र गायब. बघतो तर बाई रस्त्यापलीकडच्या गव्हाच्या बांधावरून हातात सुई घेऊन परत येतायत.

"बोटभरही आत जात नाही," तुम्ही मोठ्याने म्हणालात. "मेलेल्यांच्या मातीला नमस्कार करा, जरूर करा. पण ही माती आत्ता मरतेय, आपल्या डोळ्यांसमोर. तिच्यासाठी कुणी डबी आणलीय का?"

कँटोन्मेंटमधून आलेले साताऱ्याकडचे सुभेदार साहेब लाल झाले. "बाई, इथं रक्त सांडलंय!"

"सांडलंय ना? मग त्याच्यावर युरिया किती सांडलाय, तेही ऐका."

मी धावत जाऊन दोघांच्याही तोंडात तिळगूळ कोंबला. सूत्रसंचालकाची कामं अशीच असतात.

परतीच्या वाटेवर सोनीपतच्या हद्दीत बस चहाला थांबली. तुम्ही गावाच्या पाटीकडे बघत राहिलात. म्हणालात, "मी इथे आले होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी." आणि सरळ गल्लीत शिरलात. बाईमाणूस एकटं कुठे जातंय म्हणून मंडळींनी मला मागे पिटाळलं. तुम्ही एका म्हाताऱ्याचं नाव विचारत गेलात. तो वारला होता. खाटेवर बसलेला त्याचा मुलगा राजबीर उठून उभा राहिला आणि तुमच्याकडे टक लावून म्हणाला, "आप चिट्ठी वाली मैडम तो नहीं हो?"

त्याने आपल्याला आत नेलं. भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या आणि त्यांच्या रांगेत, लॅमिनेट करून, खिळ्याला टांगलेली एक चिठ्ठी. तुमचं अक्षर, तुमची सही. कोणत्या पिकाला युरिया किती, केव्हा, कसा. त्या एका हंगामासाठी, त्या वर्षीची माती तपासून तुम्ही लिहून दिलेली. म्हाताऱ्याने ती जन्मभर पाळली. गहू असो, भात असो, पाऊस पडो न पडो. जाताना मुलाला सांगून गेला, मैडम की चिट्ठी मत छोड़ना.

"हर साल जाँच करानी थी," तुम्ही कशाबशा म्हणालात.

"जाँच की क्या ज़रूरत थी जी," राजबीर अभिमानाने म्हणाला, "आपने लिख के जो दे रखा था. बस, पहले इतने में हो जाता था. अब दुगना डालते हैं, फिर भी वो बात नहीं रही."

तुम्ही खाटेवर बसलात. त्याला कळू नये म्हणून माझ्याशी मराठीत बोललात, अगदी हळू, "अरे, हे मी केलंय."

बसमध्ये मी माइक हातात घेतला आणि दिल्ली येईपर्यंत विनोद सांगत सुटलो. लोक म्हणाले, आज तुम्ही फारच रंगात होता. मला त्या चिठ्ठीकडे बघवलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतरची तुमची नऊ वर्षं मी कडेकडेने पाहिली. राजबीरने स्वतःच्या जमिनीतला एक एकर तुमच्या हट्टापायी बाजूला काढून दिलं. पहिल्याच दिवशी तुम्ही तिथे कमरेइतका खड्डा खणायला लावलात आणि आम्हा दोघांना त्यात उतरवलंत. भातासाठी दरवर्षी पाणी भरून चिखल करायचा, दरवर्षी तेवढ्याच खोलीवर. त्याच्या खाली सिमेंटचा गिलावा असावा तसा थर बसला होता. गव्हाची मुळं तिथवर येऊन आडवी वळली होती, बंद दारापाशी अंग मुडपून झोपल्यासारखी. वरची माती पांढुरकी, मुठीत घेतली तर पिठासारखी. त्यात काहीच हलत नव्हतं. तुम्ही वास घेतलात, मलाही घ्यायला लावलात. कशाचाच वास नव्हता. मी म्हणालो, "ताई, वास नाही ते बरंच की." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुढची दोन मिनिटं गप्प होतो. माझ्यासाठी तो विक्रमच.

मग भाताचा चिखल बंद. काड पेटवणं बंद. हिरवळीच्या खताचा धैंचा उगवायचा आणि फुलावर यायच्या आत जमिनीतच गाडायचा. गहू निघाला की मूग. शेणखत जमेल तितकं, युरिया तपासून, तोही जेमतेम. पहिली तीन वर्षं पीक घटलं. गावाने त्या एकराचं नाव ठेवलं, "मैडम का पार्क." राजबीरची बायको ताक द्यायची आणि वर म्हणायची, "पी लो मैडम जी, खेत से तो कुछ मिलणा नहीं." तुम्ही दोन पेले प्यायचात.

आणि मग तो फोन. मी नोएडाच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. तुम्ही थेट म्हणालात, "आलं रे."

"कोण आलं?"

"गांडूळ. एकच आहे. पण आलंय."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "सब ठीक?" मी म्हणालो, "सर, घर में मेहमान आया है." सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्यांना वाटलं, मला नातू झाला. मी नाकारलं नाही. इतका आनंद त्या महिन्यात मला दुसऱ्या कशानेच झाला नव्हता. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, ताई. पन्नाशीच्या माणसाला एका गांडुळापायी उठून उभं राहायला लावलंत.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या शेतांत तळी साचली होती आणि तुमच्या एकराने पाणी पिऊन टाकलं होतं. चप्पल हातात घेऊन तुम्ही त्यात उभ्या होता. माती काळपट झाली होती, तिचा गोळा हातात फुटायचा, आणि तिला वास होता. मी मुद्दाम घेतला.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मेट्रोत, जिन्यात, तुमच्या स्वयंपाकघरात, नऊ वर्षं तेच. मी म्हणायचो, लोक उपाशी होते, तुमच्या चिठ्ठीने धान्य पिकलं, त्यात अपराध कसला?

"पोटं भरली हे खरंच आहे. म्हणून तर मला कुणाला शिवीही घालता येत नाही."

"मग स्वतःला कशाला घालता?"

"लिहून दिलं आणि परत गेले नाही. डॉक्टर असं करतो का? एकदा गोळ्या लिहून द्यायच्या आणि पेशंटला जन्मभर विसरायचं?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, चहूकडे सगळं जळतंय, खणलं जातंय. एका एकराने काय होणार आहे, ताई?" तुम्ही कणीक मळत होता. हात थांबले. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. रोज वाटायचं, उद्या घेऊ.

खणण्याचं मी उगाच म्हणालो नव्हतो. वीटभट्टीवाले गावात आले होते. दिल्लीभोवती इमारती उठतायत, त्यांना विटा हव्यात, विटांना माती हवी, आणि सगळ्यात सोयीची माती म्हणजे शेताची वरची. जेसीबी येतो आणि मांडीइतका थर सोलून नेतो. आपल्या सोसायटीच्या भिंतीसुद्धा कुणाच्या तरी शेताच्या वरच्या थराच्या आहेत, हे तुम्ही आपल्या वॉचमनला समजावत होता. तो बिचारा भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला.

आधी पूर्वेचं शेत गेलं, मग पश्चिमेचं. राजबीरचं एकर मध्ये ओट्यासारखं उंच राहिलं. कालव्याचं पाणी खालच्या शेतांत पळायचं, त्याच्यावर चढेना. पावसात दोन्ही कडा ढासळायच्या आणि तुमची काळी माती शेजारच्या खड्ड्यात वाहून जायची. ज्याने माती विकली नाही त्याचंच शेत सुकत होतं. तरीही तुम्ही त्याला सांगत होता, थांब, कडेला गवत लाव, बांध घाल, मी बघते. त्याच महिन्यात तुम्ही पडलात आणि हॉस्पिटलात गेलात.

आता मुद्दा. एप्रिल होता, गहू निघाला होता. तुम्ही आत झोपला होता, नाकात नळी. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि राजबीरचा फोन आला, दोन दिवसांतला चौथा.

"भाई साहब, एक बार मैडम से बात करा दो. भट्ठी वाला रोज आ रहा है. दोनों तरफ से खुद गया, पानी चढ़ता नहीं. मैं के करूँ? मैडम जो कहेंगी वो ही करूँगा."

मी म्हणालो, पूछ के बताता हूँ. दार ढकलून आत आलो. तुम्ही डोळे उघडलेत. "कुणाचा फोन?"

"ऑफिसचा."

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण मी कंटाळलो होतो, ताई. त्या एकराला, त्या फोनना, तुमच्या मरणाला. बाहेर जाऊन मी राजबीरला फोन लावला आणि म्हणालो, "मैडम कह रही हैं, जो ठीक लगे कर लो." तुमच्या नावाने बोललो. टोप नव्हता, सुई नव्हती, समोर कुणी हसायलाही नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "मूग पेरला का त्याने?"

"पेरला की! उगवलाही. काय सांगू ताई, दोन दोन पानं वर आलीयत, सकाळी प्रत्येक पानावर दवाचा थेंब, आणि राजबीर असा बांधावर उभा..." मी हातवारे करून करून सांगत होतो. अंगात आलं होतं माझ्या.

तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "तिकडे एप्रिलमध्ये दव कुठून आलं रे?"

आणि भिंतीकडे तोंड फिरवलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बोलायची ताकद राहिली नव्हती, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांचं ऐकतो.

तुमचा पुतण्या शिरीष पुण्याहून आला, सगळं नीट केलं, आणि अस्थींचं मडकं माझ्याकडे ठेवून गेला. मेधा म्हणाली, घरात नको, तेव्हा बाल्कनी घरात धरायची की बाहेर, यावर आम्हा नवराबायकोत खल झाला. बाल्कनी बाहेर ठरली. मग शिरीषचा फोन. "काका, आत्याचा जीव त्या शेतात होता. तिथेच टाकूया. मी व्हिडिओ कॉलवर असेन."

तुम्ही हे आधीच ओळखलं होतं. गेल्या वर्षीच चहा गाळताना मला बजावलं होतंत, "माझी राख शेतात टाकायची नाही. कुणाला तरी हे सुचणारच. लाकडाची राख क्षारी असते आणि तिथली माती आधीच क्षारी आहे. हाडं तर त्या मातीत विरघळायचीही नाहीत. मला गंगेत सोड. नऊ वर्षांचं काम मीच बिघडवायला नको."

हे मी शिरीषला सांगितलं. तो रडत होता, त्याने ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. राजबीरला फोनवर ते वाक्य बोलल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. मूग बघायचा होता. पेरलाही असेल, कोण जाणे.

गेल्या रविवारी गेलो. दुपारची वेळ, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. गाडीतून उतरलो आणि मला शेत सापडेना. वाट चुकलो असं वाटून परत रस्त्यापर्यंत जाऊन आलो. मग त्याची कधीचीच आटलेली ट्यूबवेल दिसली. ती आता मातीच्या एका खांबावर उभी होती, कारण तिच्याभोवतीचं तेवढं सोडून बाकी सगळं खाली गेलं होतं. तुमचं एक एकर आता मांडीइतकं खोल होतं, तिन्ही शेतं सपाट एका पातळीत, बाजूच्या भिंतीवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे. त्या खांबाच्या कडेला वर काळपट पट्टा दिसत होता, खाली पिवळट. तुम्ही असतात तर त्याच्यापुढे उभं करून आम्हाला तासभर समजावलं असतंत. तुमच्या नऊ वर्षांची जाडी तिथे उघडी पडली होती. माझ्या तळहातापेक्षा कमी. मी हात लावून पाहिला.

मी खाली उतरलो, मडकं छातीशी धरून. तळ भाजलेल्या फरशीसारखा होता, वास कसलाच नव्हता. शिरीषचा फोन वाजत होता, तो मी बंद केला. राजबीर येऊन समोर उभा राहिला. मडक्याकडे बघून त्याने हात जोडले.

"यहीं डाल दो जी," तो म्हणाला. "अब इसका क्या बिगड़ेगा."

"मूग नहीं बोया, राजबीर?"

"काहे में बोता?" तो चिडला, मग लगेच मवाळ झाला. "मैडम के रहते मैंने हाथ नहीं लगाने दिया किसी को, कसम से. पर आप ही ने तो बताया था फोन पे. मैडम कह रही हैं, जो ठीक लगे कर लो. नहीं तो मेरी हिम्मत थी?"

मी मान डोलावली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. तुम्ही मोठ्या मनाच्या ठरला असतात, तो आज्ञाधारक, मी निरोप्या. तिघांचीही सोय होती. माझ्या तोंडात वाक्य तयारही होतं, त्याला साजेसा चेहराही. पण हातातलं मडकं गरम झालं होतं. भाषणाची पूर्वतयारी नसलेला माणूस जसा बोलतो, तसा मी बोललो.

"राजबीर, मैडम ने ऐसा कुछ नहीं कहा था. मैंने उनसे पूछा ही नहीं. वो मेरी बात थी."

तो रागवेल, निदान शिवी तरी देईल, असं वाटलं. मी वाट बघत होतो, हवीच होती मला. त्याने अंगठ्याने तळ उकरायचा प्रयत्न केला, काही उकरलं गेलं नाही. मग माझ्याकडे न बघता त्याच्या तोंडून निघून गेलं,

"पता था जी. मैडम ने ज़िंदगी में कभी किसी से बोला है, जो ठीक लगे कर लो?"